उरुसातली कव्वालीची रात्र

माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या उरुसाच्या दिवसांत आमच्या वस्तीतले मंडळ दरवर्षी कव्वालीचा कार्यक्रम ठेवत असे. डिसेंबरमधल्या त्या जत्रेत संदलाचा, म्हणजे दर्ग्यावर चंदन वाहायच्या मिरवणुकीचा, पहिला मान माहीम पोलिसांचा; तो वाजतगाजत दर्ग्याकडे गेला, की आम्हा मुलांना मांडवाचे वेध लागत.

आधी हम्द म्हणजे अल्लाची स्तुती, मग नात म्हणजे पैगंबरांचे स्तुतिगीत, पाठोपाठ मनकबत म्हणजे अवलियांची स्तुती आणि रात्र चढल्यावरच फर्माइशी, हा क्रम कव्वालांची कोणतीही पार्टी मोडत नसे. बेंजोवाल्याने एखाद्या गाजलेल्या सिनेगीताची चाल छेडली, की मागच्या रांगेतली पोरे पुढे सरकत आणि ओळखीच्या सुरावर मदिन्याचे वर्णन ऐकू लागत. काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नसे. सिनेमाच्या चालीत नातेचा अदब राहत नाही, असे ते म्हणत, आणि त्यांची तळमळ खरी होती. तरीही मला मंडळाचीच बाजू पटत आली आहे. हजरत निजामुद्दीन यांचे शिष्य अमीर खुस्रो यांनी फारसीबरोबर लोकांच्या तोंडची हिंदवीही वापरली होती आणि कव्वाल आजही त्यांचेच नाव आदराने घेतात.

सर्वांत मोठी फर्माइश असे ती अझीझ नाझाँ यांनी घरोघर पोहोचवलेल्या ‘चढता सूरज’ या कव्वालीची. ती कैसर रत्नागिरवी यांनी लिहिली, याचा आमच्या कोकणी शेजाऱ्यांना विशेष अभिमान होता. सिकंदराच्या उल्लेखापाशी कव्वाल मुद्दाम थांबे; टाळ्या मंदावत, हार्मोनियमवर एकच सूर धरलेला असे, आणि तो दुसऱ्याच शायराचा शेर मध्ये गुंफून, म्हणजे गिरह लावून, मूळ ओळीवर परते तेव्हा ढोलकीचा ठेका दुगुनीत गेलेला असे. दौलत आणि तारुण्य टिकत नाही, शेवटी हिशेब द्यावाच लागतो, हे त्या क्षणी जितके अंगावर येई तितके एरवी क्वचितच आले असेल. अशा वेळी एखादे चाचा शांतपणे उठून गादीवर नजराणा ठेवत आणि कव्वाल गाणे न थांबवता कपाळाशी हात नेई.

आमच्यापैकी बहुतेक मुले मराठी शाळेतली होती आणि उर्दू वाचता येणारी थोडीच, पण एखादी हम्द पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्हा सर्वांना पाठ असे. दुसऱ्या दिवशी मांडव सोडतानाच पुढच्या वर्षी कोणती पार्टी बोलवायची, यावर मंडळात वाद सुरू होई.