टकलावरचे खरखरीत ठिपके आणि लाल दिवा

आपल्याकडे त्वचेच्या कॅन्सरचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, 'अहो, तो गोऱ्या लोकांचा आजार.' मलाही तेच ऐकवलं गेलं. पण मी घारा-गोरा, डोक्यावर केस नाहीत आणि उमेदीची वर्षं साइटवर गेली. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, त्याआधी तिथल्या खाजणात थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजणीची दुर्बीण, लावून भर दुपारी उभा असायचो.

टाळूवरचे ते ठिपके डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळले. घरच्यांच्या मते कोंडा. तेल चोपडून काही फरक पडेना, म्हणून ठाण्याहून वाशीला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहून तुकडा बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट आला: ॲक्टिनिक केराटोसिस. म्हणजे कॅन्सर नव्हे, उन्हानं बिघडलेल्या पेशी. बहुतेक ठिपके तसेच राहतात, काही आपोआप जातात, एखादा पुढे कॅन्सरकडे वळतो. तो कोणता, हे आधी ओळखता येत नाही, हीच गोम. सुटे ठिपके असते तर द्रव नायट्रोजननं गोठवले असते. माझी अख्खी टाळूच उन्हानं खाल्लेली, म्हणून बाईंनी फोटोडायनॅमिक थेरपी सुचवली, म्हणजे मलम लावून उजेडानं बिघडलेल्या पेशी मारायच्या.

त्याआधी औषधांची चौकशी झाली. माझ्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं. त्यानं त्वचा उन्हाला हळवी होते, शिवाय दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेनं 2020 मध्ये तसा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला. आमच्या फिजिशियननी गोळी बदलून दिली. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

ठरल्या दिवशी बाईंनी बारीक कड्यासारख्या हत्यारानं खपल्या खरवडल्या. दुखत नाही, पण तो खर्रखर्र आवाज कवटीतून थेट कानात येतो. मग मलम, वर उजेड न शिरणारी पट्टी, आणि तीन तास नुसतं बसणं. बिघडलेल्या पेशी त्या मलमापासून पॉर्फिरिन नावाचं रसायन भराभर बनवतात. पट्टी काढल्यावर खोलीत अंधार करून बाईंनी जांभळा दिवा धरला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. टाळूवर गुलाबी-लाल डाग चमकत होते, आणि जिथे बोटाला काहीच लागत नव्हतं तिथेही!

मग खरा लाल दिवा, साधारण 630 नॅनोमीटरचा. त्या उजेडानं पॉर्फिरिन चेततं आणि आजारी पेशी आतल्या आत मरतात. आठ-दहा मिनिटांचंच काम, पण मिरची वाटलेला हात कुणी टकलावर चोळावा तशी आग. सिस्टरनी पंखा धरला, थंड पाण्याचा फवारा मारला, मधे एकदा दिवा बंदही केला.

पुढचे 48 तास उन्हात जायचं नाही. नेहमीचं सनस्क्रीन इथे कुचकामी. ते अतिनील किरण अडवतं आणि इथे भीती साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची. म्हणून वेळच दुपारनंतरची घेतलेली. अंधार पडल्यावर डोक्याला जाड सुती पंचा गुंडाळून ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला आलो. डब्यातल्या एका काकूंनी आपणहून जागा दिली, बहुधा डोकं फुटलंय असं वाटून. घरी पडदे ओढून बसलो. नंतर टाळू लालबुंद झाली, सुजली, आठवडाभर सालपटं निघत होती.

मेडिक्लेमवाल्यांनी 'ॲडमिट नव्हता' म्हणून हात वर केले. पत्रव्यवहार चालू आहे.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. टाळू हाताला गुळगुळीत लागते, कानामागचा एक ठिपका तेवढा हटला नव्हता, तो नायट्रोजननं गोठवला. नवे येऊ शकतात, असं बाईंनी आधीच सांगितलंय, त्यामुळे दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि बाहेर पडताना कान झाकणारी रुंद काठाची हॅट घालायची. राम मारुती रोडवर ती हॅट घालून भाजी घेताना लोक वळून बघतात. बघू देत.