हे इथे कशासाठी आहे?

सोमवार

दादाने दुरुस्तीची यादी आज माझ्या हातात दिली. दारांवरचे व्हेंटिलेटर बुजवायचे. भिंतींच्या खालच्या भागातला ऑइलपेंटचा पट्टा घालवायचा. मोझेकवर नवी फरशी टाकायची. लाकडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवायच्या. न्हाणीघरातल्या गुलाबी टाइल्स फोडायच्या. दिवाणखान्यातलं पॅनेलिंग उतरवायचं. त्याची तळमळ मला पटते. हे घर आम्हाला राहण्यासाठी हवं आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात, खोल्या कोंदट आहेत, आणि बराचसा भाग नुसता उदास दिसतो.

यादी घेऊन घरभर फिरले आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे इथे बसवलं तेव्हा त्याने कोणतं काम करायचं होतं? काही ठिकाणी उत्तर आलं, शोभा. तिथे बिनधास्त हात घालावा. पण काही वस्तू दिसायला जुन्या झाल्या तरी अजून राबताहेत. त्या काढल्या तरी त्यांचं काम शिल्लक राहणारच, आणि ते करायला मग दुसरं काहीतरी आणावं लागेल, बहुधा विजेवर चालणारं.

दारांवरचे व्हेंटिलेटरच घ्या. छत उंच आहे, गरम हवा वर चढते आणि त्या झडपांमधून निघून जाते. तिची जागा घ्यायला खिडकीतून खाली नवी हवा येते. पंखा नाही, मोटर नाही, एका तिरक्या झडपेवर हे सगळं चालतं. आमच्याकडच्या झडपा रंगाच्या थरांखाली चिकटून बसल्यात. मागच्या खोलीतला व्हेंटिलेटर तर कुणीतरी प्लायवूड ठोकून बंदच केलेला आहे, आणि घरात बुरशी आहे ती त्याच खोलीत, कपाटामागे. हे व्हेंटिलेटर बुजवले तर हवा खेळती ठेवायला एक्झॉस्ट फॅन लावावा लागेल, हे दादाला दाखवलं. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग यादीतली ती ओळ त्याने स्वतःच खोडली.

मंगळवार

सगळ्यांत आधी वायरिंग. रंगाच्या आणि पडद्यांच्या गप्पा मारायला मलाही आवडतं, पण भिंती नव्या करून पुन्हा खाचा पाडायच्या म्हणजे सगळं काम दोनदा.

वायरमनने लाकडी केसिंग-पट्टीचं झाकण उचललं. आतल्या तारांवरचं रबर बोटाने दाबलं की भुगा होतं. रबर वर्षानुवर्षं उष्णतेने वाळतं, तडकतं, आणि आतलं तांबं उघडं पडतं. तारा दोनच, अर्थिंगची तिसरी तार कुठेच नाही. जुन्या घराचं कितीही प्रेम असलं तरी इथे तडजोड नाही. सगळं नवं होणार, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचं गळती-रोधक ब्रेकरही येणार. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागली की ते क्षणाच्या अंशात पुरवठा तोडतं. जुन्या फ्यूजला ते जमत नाही. फ्यूज तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही.

बेकेलाइटचे काळे गोल खटके मात्र मला फार आवडतात. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये हे प्लास्टिक बनवलं. पूर्णपणे कृत्रिम असं ते पहिलंच प्लास्टिक. उष्णतेने ते वितळत नाही आणि त्यातून वीज वाहत नाही, म्हणून खटक्यांसाठी ते चाललं. पण आतले संपर्क झिजले आहेत. हे खटके मी काढून ठेवते आहे, वापरायला नाही.

गुरुवार

भिंती.

यादीतल्या दोन शब्दांच्या मागे सगळ्यांत मोठं काम दडलं होतं ते इथे. बाहेरच्या भिंती जाड आहेत, विटा चुन्यात बसवलेल्या, वर चुन्याचाच गिलावा. अशा भिंतीत पायाकडून थोडी ओल चढणारच, हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी ओल अडवली नाही, तिला निघून जायला वाट ठेवली. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन उडून जातं.

पुढे केव्हातरी खालचे पोपडे निघाले असणार. कुणीतरी कंबरेइतका पट्टा सिमेंटने केला आणि वर ऑइलपेंट लावला. हेतू चांगलाच होता. खुर्च्यांच्या पाठी आणि मुलांचे हात लागतात तो भाग पुसता यावा, धुता यावा. पण खालून ओल येतच राहिली, समोर वाट मिळेना, म्हणून ती वर चढली. जिथे सिमेंट संपतं तिथे, पट्ट्याच्या नेमकी वर, आता लोणा लागलाय. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडालं की त्यांचे स्फटिक बनतात, आणि वाढणारा स्फटिक गिलाव्याचे कण बाहेर ढकलतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून कितीही रंग मारला तरी पोपडा निघणार. दरवर्षी रंग देऊनही भिंत खराब होते अशी तक्रार मी किती घरांत ऐकली आहे. अशा वेळी रंगाला दोष देऊन भागत नाही.

गवंडीकाका आले तेव्हा भिंतीकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी बाहेर जाऊन माती पाहिली. भिंतीलगत भर टाकून टाकून अंगण उंच झालं आहे आणि छपराच्या पाण्याचा नळ पायाशीच सुटतो. “आधी हे काढा, ताई. भिंतीला औषध मग देऊ,” म्हणाले. आज दिवसभर ती भर उकरून काढणं चाललं होतं.

बाहेरच्या भिंतींवरचं सिमेंट उतरवून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचं ठरलं, वर चुन्याची सफेदी. याला वेळ लागेल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ द्यावे लागतात आणि मध्ये थांबावं लागतं. घाईने सुकवला तर तडे जातात. आतल्या पार्टिशनच्या भिंतींना ओल नाही, तिथे पुसता येणारा पट्टा राहू द्यायचा. आत्ताच्या तपकिरी रंगाऐवजी फिका राखी-हिरवा, आणि वरच्या किनारीची काळी रेघ पुसून टाकायची. पट्टा ठेवला तरी ती खोली वेगळी दिसेल. मला आता खात्री आहे की डोळ्यांना खुपत होता तो तपकिरी रंग, पट्टा नव्हे.

शुक्रवार

जुना रंग घासण्याबद्दल आज दादाशी बोलताना माझा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा होता. त्याने दारांसाठी सँडिंग मशीन आणलं होतं.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. पांढरेपणासाठी, झाकण्याच्या ताकदीसाठी, लवकर वाळावा म्हणून ते घालत. धोका तेव्हाही माहीत होता. घरांच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालचा आहे. तरी अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी यायला १९७८ उजाडलं. रंग भिंतीवर टिकून बसलेला असतो तोवर फारसं बिघडत नाही. त्याची धूळ झाली की ती जमिनीवर बसते, मुलांच्या हातांवर आणि तिथून पोटात जाते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दादाची मुलगी अजून रांगते.

मशीन परत गेलं. आधी नमुन्याची तपासणी. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, ज्योतीने जाळायचं नाही. ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि काम संपेपर्यंत मुलांनी त्या भागात फिरकायचं नाही. जिथे रंग घट्ट आहे तिथे तो तसाच ठेवून वर नवा थर.

स्वयंपाकघरामागच्या पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रेही आम्ही हलवत नाही. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ श्वासात जाणं घातक असतं. ते अखंड आहेत, त्यांना भोक पाडायचं नाही की कापायचं नाही. पुढे काढायचे झाले तर ते काम जाणणारी माणसं बोलवायची.

रविवार

आज लाकूड. मनाला सगळ्यात जास्त आनंद देणारा दिवस.

मधल्या दाराला रंग नाही, काळपट पॉलिश आहे. सुतारकाकांनी चिंधीवर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात फिरवलं. पॉलिश मऊ पडून चिंधीवर आलं. म्हणजे लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ऑइलपेंट विरघळत नाही, एवढ्या साध्या परीक्षेने कळतं. लाखेच्या पॉलिशची खुबी अशी की ते सगळं काढावं लागत नाही. नवा हात जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. मळ साफ केला, नवे हात दिले, आणि त्या काळपट दारातून तांबूस सागवान वर आलं. दादा तिथेच उभा होता, काही बोलला नाही, फक्त हात फिरवत राहिला.

बिजागऱ्या पितळी निघाल्या. रंगाखाली त्या लोखंडी वाटत होत्या. त्यांचे स्क्रू एका चिरेचे. फुलीच्या डोक्याचे स्क्रू पसरले ते हेन्री फिलिप्सच्या १९३६ सालच्या पेटंटनंतर. त्यामुळे दारावर फुलीचा स्क्रू दिसला की तेवढी दुरुस्ती नंतरची, हे समजतं. घराचे थर वाचायला अशा खुणा फार उपयोगी पडतात.

काचांनाही तसंच. दोन खिडक्यांच्या तावदानांतून पाहिलं तर बाहेरचं झाड किंचित हलल्यासारखं दिसतं. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर झाली १९५९ मध्ये. त्याआधी काच ओढून काढत, म्हणून तिच्यात हलक्या लाटा राहत. ही काच आता सहजासहजी मिळत नाही. बाकीची तावदानं कुठलीही असोत, ही दोन मी फुटू देणार नाही.

खिडक्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही.

मंगळवार

मोझेक. त्यावर नवी फरशी टाकली तर जमीन उंच होते, प्रत्येक दार खालून रंधावं लागतं, उंबरठ्यांचा मेळ जातो, आणि स्लॅबवर वजन वाढतं ते वेगळंच. मोझेकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये वरच्या जाड थरात बसवलेले असतात, म्हणून ते पुन्हा घासता येतं. आधी भरड दगड, मग बारीक, मग पॉलिश. एका खोलीचा कोपरा घासून पाहिला. पिवळट राखाडी जमिनीखाली लालसर, काळे, पांढरे दाणे लखलखीत बसले होते. इतकी वर्षं या फरशीला अ‍ॅसिडने धुतलं जात होतं. संगमरवर अ‍ॅसिडमध्ये विरतो, चमक तिथेच गेली. आता फक्त सौम्य साबण.

देवघराच्या छोट्या खोलीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत, तिथे मशीन नको म्हणून मी अडून बसले. त्या भाजलेल्या नसतात, दाबून बनवलेल्या असतात, आणि रंगीत नक्षीचा थर वरचे काही मिलीमीटरच. जोरात घासलं की नक्षीच जाईल. हाताने धुऊन घेतल्या.

बुधवार

न्हाणीघर झटपट. गुलाबी टाइल्स घट्ट आहेत, मागे पोकळ आवाज नाही, गळती नाही. फोडायचं कारणच नव्हतं. टाइल्सच्या फटींतलं काळवंडलेलं ग्राउट काढून पांढरं भरलं, गंजलेला आरसा बदलला, नळांचे वॉशर नवे घातले.

फरक पडला तो दिव्याने. आधी तिथे निळसर पांढरा ६५०० केल्विनचा दिवा होता, त्यात गुलाबी रंग आजारी दिसायचा. आता पिवळसर, २७०० केल्विनचा, आणि ज्याचा रंग दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर आहे असा. टाइल्स त्याच आहेत हे वहिनीला पटेना. जुन्या खोलीला काही करण्याआधी दिवा बदलून एक आठवडा थांबा, असं मी आता कुणालाही सांगेन.

शनिवार

पॅनेलिंग उतरवलं. लाकडाचा भास देणारा सनमायका, प्लायवर चिकटवलेला. त्याच्यामागे ना वायर होती ना ओल, सरळ गिलावा केलेली भिंत. त्याने कसलंच काम केलं नव्हतं, फक्त खोली अंधारी केली होती. इथे दादाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मला काढताना जराही वाईट वाटलं नाही.

खिडक्यांचा निर्णयही आजच झाला. सरकत्या खिडकीचं एका वेळी अर्धंच तोंड उघडतं. लाकडी पल्ल्यांची खिडकी पूर्ण उघडते, आणि व्हेंटिलेटर चालायचे तर खालून तेवढी हवा आत यायलाच हवी. पाच पल्ल्यांचं खालचं लाकूड कुजलंय. ते पूर्ण बदलायचं नाही, कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांध्याने जोडायचा. फटींना रबरी पट्टी, आतून डासांच्या जाळीची निघणारी चौकट. दादाने मोजमापं घेतली, मी लिहून घेतली. सुतारकाका सोमवारपासून येणार आहेत.