भाचीचं पासबुक काढताना

माझी बहीण गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती. तिचे वडील त्याआधीच वारले होते. दिवस झाल्यावर तिचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी उचलून मी तिला सोलापुरात, विडी घरकुलला आमच्या घरी आणलं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मी शिलाईवर, घरात आधीच दोन मुलं.

जो तो म्हणायचा, दत्तक घे, सरकार पैसे देतं. तसं नाही. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात आणि तो झाला की कायद्यानं आपणच आईबाप. महिन्याची मदत आहे ती अनाथ लेकरांना घरात सांभाळण्यासाठीच्या राज्य सरकारच्या बाल संगोपन योजनेची, महिना २२५० रुपये. आधी ११०० होते, २०२३ साली वाढले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून महिना ४००० मिळतात, पण शहरात वर्षाचं उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागतं. आमचा दाखला १ लाख २० हजारांचा, म्हणून बाल संगोपनचाच अर्ज करायचं ठरवलं.

मृत्यूचे दोन्ही दाखले, बोनाफाईड, रेशन कार्ड, आधार आठवड्यात जमले. अडलं ते पासबुकावर.

अर्जाला मुलीच्या नावाचं खातं हवं होतं. बँकेत काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आई कुठंय?"

"वारली."

"वडील?"

"तेही नाहीत. मी मावशी."

"मावशी चालत नाही. कोर्टाचा पालकत्वाचा कागद आणा."

योजनेच्या ऑफिसात सांगितलं, तर ते म्हणाले, अर्ज पासबुकासकट पूर्ण करा, मग बाल कल्याण समितीचा आदेश निघेल. बँकेला कागद हवा आणि कागदाला पासबुक. चार फेऱ्या झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या फेरीला भाची शाळा बुडवून सोबत आली होती. तोच प्रश्न, तिच्यादेखत. मी बोलायच्या आत तिनं पिशवीतून आईचा मृत्यू दाखला काढला आणि काउंटरवर ठेवला. लेकराला हे का करावं लागावं? आजही आठवलं की माझा जीव जळतो.

वाट दाखवली तिच्या शाळेतल्या बाईंनी. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँक स्वतःच्या सहीनं बचत खातं उघडू देऊ शकते, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. तिचा वाढदिवस अठरा दिवसांवर होता. तेवढे दिवस ती वहीच्या मागच्या पानांवर सही गिरवत बसली. दुसऱ्या बँकेत गेलो, साहेबांनी आधार पाहिलं, तिला खुर्ची दिली, सही घेतली. अर्ध्या तासात काम झालं. बाहेर येऊन मी जिन्यातच रडले.

मूल दहाच्या आतलं असेल, तर बँक का नाही म्हणते ते लेखी मागा आणि अर्जाला जोडा. मी नुसतं तोंडी ऐकत राहिले, तिथं चुकले.

घर बघायला ऑफिसातली माणसं येऊन गेली, बाल कल्याण समितीसमोर गेलो, आदेश मिळाला.

हो, आणि मुलासोबत घरासमोर काढलेला फोटोही लागतो, तो आधीच काढून ठेवा. पैसे महिन्याच्या महिन्याला येतीलच असं धरू नका, शाळेची फी त्यावर ठरवू नका. पहिली रक्कम आली तेव्हा एन्ट्री मारायला तीच गेली. पासबुक तिच्याच दप्तरात असतं, मी मागत नाही.