तुपाची बरणी वरच्या फळीवर

रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ आलं आणि हिने तुपाची बरणी थेट वरच्या फळीवर ठेवली. डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी लिहून दिली. "बरं वाटलं की बंद करू ना?" मी विचारलं. ते नुसते हसले. मला काही होतच नव्हतं, बरं काय वाटणार!

गंमत म्हणजे ही स्टॅटिन गटातली औषधं मूळची बुरशीतली. जपानच्या अकिरा एंडोंना १९७३ मध्ये तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम ते अडवतं. आमच्याकडे बुरशी दिसली की भाकरी कचऱ्यात!

मध्यंतरी पोटऱ्या दुखल्या. संशय गोळीवर, म्हणून सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं. नॉर्मल. दोष नव्या बुटांचा निघाला.

तीन महिन्यांनी एलडीएल १०४. बरणी मात्र अजून वरच.