कानाचं वय

सोळाव्या-सतराव्या वर्षी कुणाला आवडतं गाणं विचारलं तर जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा त्याच्या टोळक्याचं असतं. नव्वदच्या दशकात आमच्या मिरजेत कॉलेजच्या कट्ट्यावर सरळ दोन तट होते, कुमार सानूवाले आणि रहमानवाले. सानूवाल्यांची बाजू भक्कम, कारण त्या माणसाने लागोपाठ पाच वर्षं फिल्मफेअर घरी नेलं होतं. १९९२ साली रहमान आला आणि वर्गातली हुशार समजली जाणारी पोरं एकेक करून तिकडे सरकली. शिवाय इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांचा एक छोटा गट होता. त्यांना शब्द कळत नसत, पण त्या न कळण्यातच खरा रुबाब होता. मी घरी सानूवाला आणि कट्ट्यावर रहमानवाला.

बाजारात एक कॅसेट भरून देणारा होता. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि चार दिवसांनी चक्कर मारायची. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्यायची, नव्वदची फीत पातळ असते, हमखास गुंतते. यादीचा क्रम लावण्यात संध्याकाळ जायची. पहिली दोन गाणी मित्रांना ऐकवण्यासाठी, मधली खरोखरीची आवडती, आणि बाजू संपताना असं एखादं, जे अर्ध्यात तुटलं तरी चालेल. ते तुटायचंच. त्यातली काही गाणी आज पुरी ऐकायला मिळतात तेव्हा शेवटचा अंतरा मला उपराच वाटतो.

तेव्हा गाणं म्हणजे शब्द. मुखड्यात ‘तू’ आणि ‘मी’ असलं की काम झालं, उरलेलं आपण भरून घ्यायचो. समोरच्या बेंचवरच्या मुलीला आपलं नावही ठाऊक नसे, तरी विरहाची गाणी आपल्याच हाडामासाची वाटायची. एकतर्फी प्रेमाला मुखडा पुरतो. चाल कुणाची, तबला कोण वाजवतंय, मधे सारंगी का आली, हे प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नसत.

आणि हे सगळं चाललं होतं मिरजेत, हे विशेष. कानात वॉकमन घालून मी ज्या सतारमेकर गल्लीतून कॉलेजला जायचो तिथे ओळीने वाद्यांची दुकानं. टांगलेले वाळके भोपळे, आत तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी लावणारा कारागीर. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका नेमक्या जागी आल्यावर तार वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. देशभरातले गवई तंबोऱ्यासाठी या गल्लीचा पत्ता शोधत येतात. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर इथल्याच दर्ग्यात. दरवर्षी त्यांच्या नावाने तिथे गाणं होतं, मोठमोठे कलावंत हजेरी लावून जातात. आम्ही उरुसाला जायचो पाळण्यात बसायला आणि भजी खायला.

मानसशास्त्रवाले म्हणतात, साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत ठळक राहतात, आणि त्या काळात ऐकलेली गाणीही त्यांच्याबरोबर चिकटून बसतात. पटतं. ‘आमच्या वेळची गाणी’ हा घोष पिढ्यान्‌पिढ्या चालतो तो त्यामुळेच असणार. पण या घोषाचा एक मासला पाहा. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पक्के शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांना सिनेमाची गाणी सवंग वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, केंद्राकडे फिरवला. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. मौज अशी, की केसकरांना जी गाणी सवंग वाटली त्यालाच आज सगळे सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात. तेव्हा ‘हल्लीच्या गाण्यात काही राम नाही’ असं जिभेवर आलं की मी केसकरांना आठवतो आणि गप्प बसतो. नेहमी जमत नाही.

ते चिकटण्याचं शास्त्र मात्र मला अर्धंच पुरतं. जुनं का सुटत नाही हे त्यातून कळतं, नवीन कसं शिरतं हे कळत नाही. माझ्या कानात नवीन शिरलं ते पुण्यात, नोकरी लागल्यावर, आणि तेही गाण्याच्या ओढीने मुळीच नाही. ऑफिसातले एक थोरले सहकारी शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाला निघाले होते, त्यांच्याकडे एक जादा पास होता, आणि मला त्या संध्याकाळी दुसरं काम नव्हतं. रमणबागेत भारतीय बैठकीत जागा मिळाली. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, एकताल सुरू होता. मात्रा बाराच, पण एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, संपायला पाऊण मिनिट. पहिला अर्धा तास नुसता पाय अवघडला. मग शेजारच्या आजोबांकडे लक्ष गेलं. मफलर, हातात थर्मासचं झाकण, डोळे मिटलेले. सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, आली की त्यांची मान किंचित खाली यायची आणि तोंडातून ‘हं’ निघायचं. मी गवयाकडे बघायचं सोडून त्यांच्या मानेकडे बघत बसलो. हळूहळू मान हलायच्या आधीच मला कळायला लागलं, आता येणार. आणि आली की पोटात बरं वाटायचं. शब्द कुठले होते, राग कुठला, आज काही सांगता येणार नाही.

यानंतर मी शास्त्रीयवाला झालो, सानूला सोडलं, असं काही घडलं नाही. आवड पायरी-पायरीने वर चढते आणि शेवटी शास्त्रीय गायनातल्या ख्यालापाशी पोचते, ही समजूत मला शिष्टपणाची वाटते. फरक वेगळाच पडला. एकदा कराडला एसटी थांबली असताना चहाच्या टपरीवर कट्ट्याच्या काळातलं एक गाणं लागलं. शब्द तोंडपाठ, तेच मिरवलेले. पण या वेळी कान गेला तो दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या बासरीकडे. कुणी तरी एक निनावी वादक दहा-बारा सेकंदांत काय सुंदर काम करून गेला होता! इतकी वर्षं तो तिथेच होता, शब्दांच्या गर्दीत मला ऐकू येत नव्हता इतकंच. त्यानंतर तशी गाणी पुन्हा काढून ऐकायचा नादच लागला. काही अगदीच पोकळ निघाली, तोच ढोलक, तोच ठेका, चाल बदलली तरी कळू नये असा. ती ऐकताना मी आजही मोठ्याने गातो.

मुलगी आता दहावीत आहे. कोरियन गाणी ऐकते. शब्द कळत नाहीत आणि तिचं काही अडत नाही. घरात स्पीकरवर कुणाची गाणी लावायची यावरून रोज वाद होतो, आणि बायको मध्यस्थी म्हणून बातम्या लावते. परवा मी मुलीला विचारलं, अगं, यात मधेच ठेका बदलतो तो कसा? ती म्हणाली, “बाबा, तुम्ही ना, गाणं ऐकत नाही, तपासता.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

ध्रुपद, हा ख्यालाहून जुना गायनप्रकार, मला अजून झेपत नाही. आलापी सुरू झाली की डोळ्यांवर झापड येते. ऑफिसातले ते थोरले सहकारी म्हणतात, पन्नाशीत येईल, घाई नको. स्वतः ते हल्ली जॅझच्या नादी लागलेत.