नाशिकहून नागपूरला : मोटारसायकल पिकअपवर नेण्याचा माझा अनुभव

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे बदलीनंतर माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० नागपूरला न्यायची ठरली, तेव्हा तीनच मार्ग उरले: धुळे, अकोला, अमरावती या वाटेने साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर स्वतः चालवत जाणे, नाशिकरोड स्थानकाच्या पार्सल कार्यालयातून रेल्वेने पाठवणे, किंवा पिकअपवर चढवून समृद्धीने नेणे. पहिला मार्ग माझ्या पाठीने नाकारला. रेल्वेला गाडी द्यायची तर टाकी रिकामी करून ती गोणपाटात बांधावी लागते, आणि नाशिकरोडला गाड्यांचा थांबा थोड्या मिनिटांचा असल्यामुळे पार्सलच्या डब्यात जागा मिळेपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते. घरसामान एका मोठ्या गाडीतून आधीच गेले होते. म्हणून मोटारसायकलसाठी स्वतंत्र पिकअप ठरवून मी स्वतः केबिनमध्ये बसून जायचे ठरवले.

त्याआधी एका वाहतूकदाराकडे चौकशी केली होती. त्याने फोम, पुठ्ठा आणि प्लास्टिक गुंडाळलेल्या गाड्यांची भरपूर छायाचित्रे दाखवली. मात्र ती हौद्यात नेमकी कोठून आणि कशाने बांधणार, या माझ्या प्रश्नाला "काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. गाडीचे गाठोडे केल्याने फार तर रंगावर ओरखडे येत नाहीत. गाडी आडवी पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

वाहन निवडताना हौद्याची लांबी पाहणे महत्त्वाचे ठरले. क्लासिकची लांबी सात फुटांहून किंचित जास्त आहे, त्यामुळे छोट्या हत्तीच्या (टाटा एसच्या) हौद्यात ती जेमतेम किंवा तिरकी बसते आणि मागच्या पट्ट्यांना ओढ देण्यासाठी जागाच उरत नाही. म्हणून नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप ठरवली, आणि भाडे पक्के करण्याआधी हौद्याच्या चारही कोपऱ्यांतल्या कड्या हाताने ओढून पाहिल्या. बहुतेक पिकअपच्या कड्या हौद्याच्या बाहेरच्या बाजूने, ताडपत्रीची दोरी अडकवण्यासाठी असतात. त्या बारीक सळईच्या कड्यांवर मोटारसायकलचा भार टाकणे मला पटत नाही.

दोराऐवजी रॅचेट बेल्ट, म्हणजे दातेरी चाकाच्या खटक्याने आवळायचे पट्टे, वापरायचे हे मी आधीच ठरवले होते. द्वारका चौकाकडे ट्रकचे सामान मिळते, तेथून पॉलिस्टरचे बेल्ट घेतले. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि भिजल्यावर अधिकच सैल पडतो. पॉलिस्टर त्या मानाने फार कमी ताणले जाते. बेल्टच्या पट्टीवर छापलेला आकडा तुटण्याचा भार सांगतो की वापराचा, हे पाहून घ्यावे, कारण वापराचा भार साधारणपणे तुटण्याच्या भाराच्या एक तृतीयांश धरतात. माल बांधण्याच्या ईएन १२१९५ या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर गृहीत धरला जातो. माझ्या गाडीचे वजन १९५ किलो आहे, म्हणजे जोराच्या ब्रेकला सुमारे १५६ किलोंचा आणि वळणावर ९८ किलोंच्या आसपासचा जोर रोखायचा होता. चांगल्या बेल्टला हे अवघड नाही. बेल्ट गाडीवर कोठे अडकवायचा, यावरच सारे अवलंबून असते.

गाडी चढवण्याचे काम अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मित्राच्या कारखान्यात केले, कारण तेथे माल चढवण्याचा ओटा आहे. पिकअप ओट्याला मागून टेकवली, फाळका उघडून त्यावर जाड पत्रा टाकला आणि गाडी सरळ आत ढकलली. फळीवरून चढवायची असेल तर फळी लांब असावी आणि तिचे वरचे टोक वाहनाला बांधलेले असावे. अन्यथा पुढचे चाक वर गेले की फळी मागे सटकते. फळीवरून गाडी बसून चालवत नेण्याचे धाडस करू नये, कारण पाय टेकवायला दोन्ही बाजूंना जमीनच नसते.

गाडी आत गेल्यावर पिकअपच्या चालकाने अनुभवी माणसाच्या सहजतेने सुचवले, "साहेब, साइड स्टँडवर लावू, दोन दोर मारू. नागपूरपर्यंत हलायची नाही." मी म्हणालो, "दादा, स्टँड वर घेऊ आणि गाडी सरळ उभी बांधू. तुम्ही फक्त हँडल धरा." साइड स्टँडवर कललेली गाडी खाली ओढली की पट्ट्यांचा बराचसा ताण स्टँडवर आणि चौकटीला जोडलेल्या त्याच्या बिजागरीवर येतो. शिवाय रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला कल बदलून एका बाजूचा पट्टा सैल पडतो.

पुढचे चाक केबिनमागच्या भिंतीला रबराचा तुकडा मध्ये ठेवून टेकवले आणि ते वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे असलेली फळी खाली दिली. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना न अडकवता हँडलखालच्या टी-ला, म्हणजे दोन्ही शॉकअप जेथे धरलेले असतात त्या भागाला, कापडी फास घालून जोडले. टोकांना ओढ दिली तर हँडल वाकते किंवा आपल्या पकडीत फिरते. फास घालताना ब्रेकची नळी आणि वायरी त्याखाली चेंगरत नाहीत हे बोट घालून तपासले. दोन्ही पट्टे पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशांत उतरले. ते फार उभे असले तर बाजूचा आधार मिळत नाही, फार आडवे असले तर गाडी खाली दाबली जात नाही.

मग डावा-उजवा असे आलटून पालटून थोडेथोडे आवळत गेलो. पुढच्या शॉकअपची एकूण हालचाल १३० मिलिमीटर आहे; त्यातील ५० ते ६० मिलिमीटर दाब येईपर्यंत मी आवळले. दाबलेली स्प्रिंगच पट्टे सतत ताणलेले ठेवते. दाब कमी असेल तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप आणखी दबतो, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हूक कडीतून निसटतो. शॉकअप तळापर्यंत दाबून ठेवला तर ऑइल सीलवर, म्हणजे आतले तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर, विनाकारण ताण राहतो. मागचे दोन पट्टे पायदानाच्या मजबूत ब्रॅकेटपासून तिरके मागे नेले, तर एक वेगळा पट्टा मागच्या चाकातून घेऊन चाक बाजूला सरकणार नाही असे बांधले. सायलेन्सर, इंडिकेटर आणि सीटमागची जाळी यांना हात लावला नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून बांधली. सीट धरून जोराने हलवल्यावर गाडीबरोबर सगळी पिकअप डोलू लागली, तेव्हा चालकदादा हसून म्हणाले, "आता पिकअप उलटली तरच ही पडणार." गाडीवर कव्हर मात्र मुद्दाम घातले नाही, कारण वाऱ्याने फडफडणारे कापड आणि त्यात अडकलेली धूळ मिळून टाकीचा रंग घासतात.

नाशिक-पुणे रस्त्याने निघालो. मोहदरी घाटातली वळणे आणि चढ ही बांधणीची चांगली परीक्षा होती. नवे पट्टे सुरुवातीच्या काही किलोमीटरांत बसतात व थोडे सैल होतात, आणि समृद्धीवर ठरलेल्या जागांखेरीज थांबता येत नाही. म्हणून सिन्नरला थांबून तपासणी केली. पुढचे पट्टे एकेक दात आवळावे लागले. पुढे गोंदे येथून समृद्धीवर चढलो. तेथे खड्डे लागले नाहीत, पण काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना बारीक कंप अखंड चालू राहतो, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर पट्टा रंगाला घासत नाही ना, हे पाहत गेलो.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र सोबत ठेवले. स्वतःच्या वापरातील जुन्या घरगुती वस्तूंना ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) लागत नाही. मोटार विम्यात स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग घेतलेला असेल तर रस्ता किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेले नुकसानही त्यात येते, हे अनेकांना ठाऊक नसते. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर अर्थातच ते मिळत नाही.

नागपुरात उतरवताना एकाने गाडी धरलेली असतानाच आधी मागचे, मग पुढचे पट्टे सोडले. पुढचे दोन्ही एकदम न सोडता थोडेथोडे ढिले केले, कारण दाबलेली स्प्रिंग झटक्याने वर येते. शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. आता नव्या पत्त्याची नोंद आरटीओकडे ३० दिवसांच्या आत द्यायची आहे. राज्य तेच असल्यामुळे एमएच १५ हा नाशिकचा क्रमांक मात्र तसाच राहील.