दोराखालचा सातारा: माची पेठेतून अजिंक्यताऱ्यावर एक रविवार

दिवाळीच्या फराळाला सगळे जमले की आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असतं. यंदाचं रोपवेवरून झालं. चुलतभाऊ वाराणसीला जाऊन कॅन्ट स्टेशन ते गोदौलिया या मार्गावरचे खांब बघून आला होता. देशातला पहिला शहरी रोपवे, पावणेचार किलोमीटरच्या आसपास, मार्च २०२३ मध्ये पायाभरणी, असं सगळं त्याला पाठ. "आपल्याकडं तर डोंगर गावातच उभा हाय. राजवाड्यावरनं बसायचं, अजिंक्यताऱ्यावर उतरायचं. मधल्या पेठांतल्या लोकांचीबी सोय," तो म्हणाला. मावशी माची पेठेच्या वरच्या अंगाला राहते. चकली मोडत ती एवढंच म्हणाली, "मधी कुठं उतरवनार मला? का वरनं टाकनार?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी ती रेघ पायी चालून बघायचं ठरवलं. सोबत शेजारचे काका. पाटबंधाऱ्यात सर्व्हेअर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चढ दिसला की अजून डोळा बारीक करून बघतात.

जाणाऱ्यांसाठी आधी वाट सांगतो. एसटी स्टँडवरून राजवाड्याकडे जाणारी गाडी पकडून अदालतवाड्यापाशी उतरलं, की तिथून चढणारी पायवाट पुढे गाडीरस्त्याला मिळते. गाडीने जायचं तर गोडोली नाक्याकडून सरळ रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. आम्ही पेठेतून पायी गेलो. किल्ला पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंच. सवय असेल तर तासाभरात होतो. आम्हाला अडीच तास लागले, कारण काका दर दहा पावलांवर थांबत होते. सकाळी सातच्या आत निघा, पाणी खालूनच भरून घ्या, वर खायला काही मिळत नाही. आणि खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडांचा डोळा चांगला आहे.

पेठेचा वरचा भाग सुरू झाला की रस्ता संपतो आणि पायऱ्या लागतात. इथली घरं बघण्यासारखी आहेत. मागची भिंत डोंगरात घुसलेली, पुढची पुरुषभर उंच जोत्यावर. एकाचं अंगण म्हणजे खालच्याच्या पत्र्याची उंची. काकांनी एका न्हाणीच्या पाइपाकडे बोट दाखवलं. "हे पानी कुठं जातंय बघ. खालच्याच्या मागच्या भिंतीत." मग पायाखाली टाच आपटून म्हणाले, "आत कातळ हाय, त्याची काळजी नाही. वर जी गाळमाती न् सुटे धोंडे बसलेत ना, ते पानी प्यालं की हलतं."

सह्याद्रीचा काळा दगड थरांनी बसलेला असतो. मधे मधे लाल मातकट पट्टा येतो, पाणी त्याच्या आत सहजी उतरत नाही, म्हणून त्याच्या वरून आडवं पाझरत उतारावर बाहेर पडतं. अशा जागी पायथा खणला की वरचं सुटतं. जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. म्हणून रोपवेचं नाव काढलं की सगळे तारेकडे बघतात, काका मात्र खड्ड्याकडे. तार हवेत असते, तिचा उताराला उपद्रव नाही. खांबाचा पाया, त्यासाठी पोकलेन वर न्यायला कापलेला कच्चा रस्ता आणि त्या खोदाईचा खाली लोटलेला मुरूम, धोका या तिघांत. कच्चा रस्ता काम संपल्यावर कुणी बुजवत नाही, आणि पहिल्याच पावसात त्याचा ओढा होतो. वरच्या स्टेशनचं मोठं छप्पर आणि फरसबंदी यांचं पाणीही कुठेतरी सोडावंच लागणार. ते गटारानं खालपर्यंत नेलं नाही, तर न्हाणीच्या पाइपाची गोष्ट शंभरपट होते.

इथं इतिहास आठवल्याशिवाय राहवत नाही. १७०० मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यात मोगलांनी याच किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावले. दुसरा उडाला तेव्हा तट आत पडायच्या ऐवजी बाहेर, हल्ल्याला उभ्या असलेल्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. काका म्हणाले, "त्यांच्याकडंबी इंजिनेर होतेच की."

अर्ध्या चढावर एका कट्ट्यावर बसलो. समोर एक बाई तुळशीपाशी रांगोळी घालत होती, शेजारी वाळत घातलेली धुणी, न्हाणीला दार म्हणून गोणपाट. डोक्यावरून दर बारा सेकंदांना दहा माणसांचा एक पाळणा जातोय असं मनात आणून बघितलं. हा आकडा उगाच नाही. शहरी रोपवेत दहा आसनी पाळणे साधारण एवढ्या अंतराने सुटतात, म्हणजे तासाला ३००, आणि एका दिशेला ३,००० माणसं. बससाठी रस्ता रुंद करायचा तर इथली शंभर घरं जातील, पाळणा विजेवर चालतो, धूर नाही, जागा थोडी लागते. हे सगळं मला मान्य आहे. पण तासाला ३,००० माणसं या बाईच्या न्हाणीवरून जाणार, हेही त्याच हिशोबात धरायला हवं. शिवाय दोराखाली मोकळी हवा राखावी लागते. खाली घर पेटलं तर ज्वाळा दोरापर्यंत पोचता कामा नयेत, पाळणा अडकला तर माणसं दोरीनं उतरवायला जागा हवी. म्हणजे दोराखालच्यानं वरचा मजला चढवायचा नाही. ज्याच्याकडे सिटी सर्व्हेचा उतारा आहे त्याला निदान भांडता येईल. नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर तीन पिढ्या काढलेल्याला आधी अतिक्रमण ठरवतील, मग भरपाईचा विषयच उरत नाही.

रिओ दि जानेरोत हे झालेलं आहे. प्रोव्हिदेन्सिया या डोंगरवस्तीत पाळणा आणि इतर कामांसाठी पाडायच्या घरांवर खुणा रंगवल्या गेल्या होत्या. त्याच शहरात कोम्प्लेशो दो अलेमांव या वस्त्यांच्या पुंजक्यावर २०११ मध्ये साडेतीन किलोमीटरचा, सहा स्टेशनांचा रोपवे सुरू झाला. स्टेशनं टेकड्यांच्या माथ्यांवर, घरं मात्र कुशीत. पाळण्यात बसायला आधी डोंगर चढा! २०१६ मध्ये तो बंद पडला. प्रोव्हिदेन्सियाचाही त्याच वर्षी. रोसिन्या वस्तीतल्या लोकांनी तर आधीच सांगितलं होतं, गटारं द्या, रोपवे नको.

भाऊ लगेच मेदेयीन काढतो, म्हणून तेही सांगतो. कोलंबियाच्या त्या शहरात २००४ मध्ये सान्तो दोमिंगो वस्तीपर्यंत पाळणा गेला आणि तो चालला. पण तो मेट्रोला जोडलेला होता, आणि त्याच्याबरोबर पायऱ्या, पूल, चौक, वाचनालय, शाळा यांवरही पैसा ओतला. फोटोत दिसतो तो नुसता पाळणा. तिथंही जून २०२४ मध्ये एक केबिन खाली पडून एकाचा जीव गेला. आपल्याकडे झारखंडातल्या देवघरच्या त्रिकूट टेकडीवर १० एप्रिल २०२२ ला पाळणे अडकले, तीन जण दगावले, आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी तिसऱ्या दिवशी सुटका संपवली. तिथं खाली जंगल होतं. इथं पत्रे आहेत.

वर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दरवाजा अजून दणकट आहे. मंगळाईचं देऊळ, तळी, आकाशवाणी-दूरदर्शनचे मनोरे, सगळं तासाभरात बघून होतं. मोर दिसला नाही, पण ओरडला दोनदा. (सकाळी लवकर येणाऱ्यांना दिसतो. दोर ताणताना त्याचा विचार कोण करणार? जड पक्षी, वळायला वेळ लागतो.) उत्तर तटावरून खाली पूर्ण गाव दिसतं. तिथं उभं राहून पेठेकडे बघाच. नकाशावर कळत नाही ते तिथं पंधरा मिनिटांत कळतं. आम्ही तेवढ्या वेळात पायऱ्यांवरून जाणारी माणसं मोजली. राजवाड्याच्या दिशेने खाली किंवा तिकडून वर सरळ जाणारी एकूण अकरा. आडवी, म्हणजे या आळीतून त्या आळीत, नळावर, किराणा दुकानात, पोराला सोडायला, मयताच्या घरी जाणारी चौतीस. त्यात पुरुष सात.

मला वाटतं माझ्या सबंध दिवसाची कमाई ही मोजणी. उतारावरच्या माणसाचं, त्यातही बाईचं, जाणं-येणं बहुतेक आडवं आणि आखूड असतं. दोर उभा जातो. स्टेशनपाशी राहणाऱ्या आणि रोज गावात कामाला जाणाऱ्याला तो वरदानच आहे. बाकीच्यांच्या वाट्याला सावली. आणि स्टेशनजवळच्या खोल्यांचं भाडं वाढलं की भाडेकरूनं आणखी वरच्या, आणखी उभ्या उताराला सरकायचं, जिथं काल कुणी घर बांधायला धजत नव्हतं.

वाऱ्याचंही बोललं पाहिजे. तटावर डिसेंबरातसुद्धा टोपी धरावी लागली. आषाढात इथं पश्चिमेचा वारा काय असतो ते सातारकरांना सांगायला नको. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला किंवा विजा कडाडू लागल्या की रोपवे थांबवावाच लागतो. त्या दिवशी माणसं घरी कशी जाणार? रोपवे आला म्हणून बस कमी झाली, वडापवाले, म्हणजे शेअर जीपवाले, दुसऱ्या मार्गावर गेले, मग चार दिवस झड लागली, असं होऊ शकतं. ज्या महिन्यात चढ सगळ्यात निसरडा, त्याच महिन्यात पाळणा सगळ्यात जास्त वेळा बंद.

ज्यांना हाच विषय डोक्यात ठेवून जायचंय त्यांनी उतरल्यावर बोगद्याकडून यवतेश्वर घाटातही एक फेरी मारावी, पण पावसाळ्यात नाही. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराची बाजू जवळून बघता येते, लाल पट्टे स्पष्ट दिसतात आणि दरडी कुठून सुटतात तेही. वळणावर गाडी लावून उभे राहू नका. काका राहिले आणि मी त्यांना हाताला धरून मागे ओढलं.

आणखी काही सूचना. बुटांचा तळ खरबरीत हवा, पायऱ्या शेवाळतात. पेठेत फोटो काढताना आधी विचारा. आम्हाला एकीनं "कशाचं माप घेताय? पाडायला आलाय व्हय?" असं विचारलं आणि काकांचा मोजपट्टीचा हात थबकला. तेव्हापासून टेप खिशातच ठेवला. लोकांशी बोलायचं असेल तर नळाच्या वेळेला जा, सगळे बाहेर असतात. आणि प्रश्न "रोपवे हवा का" असा विचारू नका, कुणीही हो म्हणेल. काल दिवसभरात कुठं कुठं गेलात, ते विचारा. कुठल्याही डोंगरवस्तीत असा प्रकल्प येऊ घातला असेल, तर खांबांच्या जागा, प्रत्येक जागेचा भूगर्भ अहवाल आणि खोदाईचा मुरूम कुठं टाकणार याचा कागद आधी मागा. चकचकीत चित्र सगळ्यात शेवटी बघा.

उतरताना मावशीकडे चहाला गेलो. भावाची बाजू घेऊन मी म्हटलं, समजा तुझ्या दारातच स्टेशन दिलं तर? ती म्हणाली, "मग बसंन की. गुडघं दुखत्यात माजं. पन वर जाऊन मी काय करू? मंगळाईला वर्साला एकदा जाती." जरा थांबून म्हणाली, "त्या खालच्या बोळाला कठडा लावा म्हनावं आधी. म्हातारी पडली न्हाई का गेल्या पावसात."

काकांनी वहीत "कठडा" असं लिहून घेतलं. तेवढ्यात बाहेर भांड्यांचा आवाज सुरू झाला.

"बोलत काय बसलाईस, नळ आला. ती कळशी घे."

नळापासून मावशीच्या उंबऱ्यापर्यंत आडवी अठ्ठेचाळीस पावलं आणि मग नऊ पायऱ्या. चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला काकांनी घागर घेतली आणि पायऱ्या पुन्हा मोजल्या. दहा निघाल्या.